जुना लाकडी जिना: काम खालून सुरू करा, पॉलिश शेवटी

जिना कुरकुरायला लागला की घरात पहिली चर्चा पॉलिशची निघते. पॉलिशवाला येतो, चार दिवस घासतो, जिना आरशासारखा चमकतो आणि पुढच्या चैत्रात पुन्हा तसाच वाजतो. कारण आवाज लाकडाच्या पाठीवर नसतो, सांध्यात असतो. आणि जिन्याचा खरा शत्रू झिजलेली पायरी नसून जमिनीला टेकलेला त्याचा पाय असतो. म्हणून इथे काम खालून वर जातं.

बेळगावात शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत, खानापूर-नंदगडच्या वाड्यांत, निपाणी-संकेश्वरच्या पेठांत जे जिने दिसतात, त्यांची बांधणी बरीचशी सारखी आहे. दोन्ही बाजूंना दोन जाड तिरप्या फळ्या, त्यांच्या आतल्या अंगाला कोरलेल्या खाचा आणि त्या खाचांत सरकवलेल्या पायऱ्या. काही जिन्यांना पायरीमागे उभी फळी असते, काही उघडेच असतात. जिना अरुंद आणि उभट, आधाराला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर किंवा साखळी. हा उभटपणा बदलायच्या फंदात पडू नका. आजच्या नियमाप्रमाणे घरातल्या पायरीची उंची १९० मिमीच्या आत आणि रुंदी निदान २५० मिमी हवी. जुन्या जिन्याला ते माप लावायचं तर जिना नवाच करावा लागतो आणि खालची निम्मी खोली त्यात जाते.

लाकूड बहुधा सागवान. खानापूरच्या बाजूला बाजूच्या फळ्या ऐनाच्या किंवा नाण्याच्याही सापडतात. वखारीत कन्नड नावं चालतात, ती माहीत असलेली बरी: ऐन म्हणजे मत्ती, नाणा म्हणजे नंदी, बिबला म्हणजे होन्ने. ऐन जड आणि कणखर, पण तडकतो. त्यात भोक न पाडता खिळा मारला तर फळी चिरलीच म्हणून समजा.

कधी करायचं

दिवाळी ते अक्षयतृतीया. त्यानंतर वळीव सुरू होतो आणि मृगापासून हवाच ओली होते. आपल्याकडे, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि एप्रिलपर्यंत पुन्हा आकसतं. दहा इंच रुंदीची पायरी रुंदीत अर्धा ते एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी-जास्त होते, जाडीत जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण खाचेत तेवढी फट पुरते: पाय पडला की पायरी खाली आपटते, उचलला की वर येते. पावसाळ्यात घट्ट ठोकलेली पाचर उन्हाळ्यात बोटाने निघते, ती याचमुळे. ओल्या हवेत चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, ते वेगळंच.

तपासणी: एक दिवस, दोन माणसं

खडूने पायऱ्यांना खालून वर आकडे घाला. एकाने प्रत्येक पायरीवर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे पूर्ण वजन टाकायचं. दुसऱ्याने जिन्याखाली बॅटरी घेऊन बसायचं. जिन्याखाली शेणी, भाताची पोती, जुनी ट्रंक असं काही असेल तर आधी बाहेर काढा. खालच्याने तीन गोष्टी टिपायच्या: पायरीचं टोक खाचेत हलतं का, पायरी मधून वाकते का, बाजूची फळी बाहेर सरकते का. तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

मग दोन बाजूच्या फळ्यांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. मधलं अंतर वरच्या-खालच्या अंतरापेक्षा दोन सुतांहून जास्त भरलं तर फळ्या पोटातून फाकल्या आहेत. अशा जिन्यात पायऱ्यांची टोकं खाचेतून थोडीथोडी बाहेर येत असतात. हा दोष वरून दिसत नाही आणि धोका सगळ्यात मोठा याचाच.

शेवटी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने लाकूड टोचत जा: बाजूच्या फळ्यांचे खालचे सहा इंच, भिंतीला चिकटलेली बाजू, पहिली पायरी. टोक एक सूतभर सहज आत गेलं तर लाकूड गेलेलं आहे. मुठीने ठोकून पाहा. चांगलं लाकूड ठणठणीत वाजतं, पोखरलेलं भद्द.

कीड कोणती ते ओळखा

मातीच्या नळ्या भिंतीवरून किंवा फरशीच्या सांध्यातून वर आल्या असतील तर ती वाळवी. दुकानात गेद्दलु म्हणालात तरी कळेल. नळी दोन इंच मोडून ठेवा. दोन दिवसांत पुन्हा बांधली गेली तर वस्ती जिवंत आहे. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. तो बहुतेक वेळा फळीच्या कडेच्या फिक्या, कच्च्या लाकडातच असतो; सागाच्या गडद गाभ्याला फारसा शिवत नाही.

वाळवी जमिनीतून येते, म्हणून औषध जमिनीत जायला हवं. नुसतं लाकडावर शिंपडून ती जात नाही. भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूटभर अंतराने १२ मिमीची भोकं पाडून प्रत्येकात साधारण लिटरभर द्रावण जिरवतात. हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या, मात्रा बाटलीवर लिहिलेलीच. आपल्याकडच्या घरांत चौकात किंवा परसात आड असतो आणि बऱ्याच घरांत तो वापरातही आहे. आड जवळ असेल तर औषधवाल्याला ते आधी दाखवा आणि त्या बाजूला द्रावण जिरवू देऊ नका.

भुंग्यावर घरचा उपाय चालतो. लिटरभर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून उघड्या लाकडावर दोन-तीन हात द्या. रंग किंवा पॉलिश असलेल्या लाकडात ते मुरत नाही, म्हणून हे काम रंग काढल्यावर करा. त्यानंतर लाकूड पूर्ण वाळू द्या. मुलांचा हात लागेल अशा जागी उरलेलं द्रावण ठेवू नका.

जिन्याचा पाय

जमीन शेणाने सारवलेली होती तोवर जिन्याच्या पायाला एवढा त्रास नव्हता. पुढे शहाबादी किंवा मोझॅक फरशी आली आणि रोज पाणी टाकून पुसणं सुरू झालं. फळीचं आडवं कापलेलं टोक पाणी वर ओढतं. नळ्यांची जुडी पाण्यात उभी करावी तसा हा प्रकार. पंचवीस-तीस वर्षांत ते टोक काळं पडून मऊ होतं आणि सगळा जिना हळूहळू खाली बसतो. वरच्या टोकाशी माडीच्या तुळईपासून जिना दोन सूत सुटलेला दिसला तर कारण वर शोधू नका, खाली पाहा.

कापण्याआधी जिना पेलून धरा. तिसऱ्या-चौथ्या पायरीखाली दोन्ही बाजूंना निलगिरीच्या बल्ल्या, खाली फळीचा तुकडा, वर पाचर. दोन्ही बाजूच्या फळ्यांना आधार लागल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही आणि या काळात जिना वापरायचा नाही.

कुजलेला भाग दिसतो त्याच्यावर निदान सहा इंच चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा. जोड सरळ आडवा नको. जुनी फळी अर्ध्या जाडीत आणि नवा तुकडाही अर्ध्या जाडीत कापून एकमेकांवर बसवा. जोडाची लांबी फळीच्या रुंदीच्या निदान दीडपट. नऊ इंची फळीला साडेतेरा-चौदा इंच. मध्ये दोन भागांचं इपॉक्सी आणि १० मिमीचे चार बोल्ट, एका रेषेत नव्हे तर वरखाली. सागवान तेलकट असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी दोन्ही तोंडं थिनरच्या कापडाने पुसून, वाळताच इपॉक्सी लावा. हे टाळल्यामुळे निघालेले जोड ओळखता येतात: इपॉक्सीचा पापुद्रा लाकडावरून अख्खा सुटून येतो.

नवा पाय फरशीवर टेकवू नका. त्याखाली दोन इंच जाडीचा कडप्प्याचा किंवा काळ्या दगडाचा तुकडा बसवा. जांभ्या दगडाचा चिरा इथे चालत नाही, तो स्वतःच पाणी पितो. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी कागदाचा तुकडा घाला आणि फळीच्या टोकाला तेच इपॉक्सी दोनदा चोपडा. भिंतीकडच्या फळीच्या मागे शक्य असेल तिथे बोटभर फट ठेवा, हवा खेळू द्या. जिन्याखाली प्लायवूडचं बंद कपाट करायचा बेत असेल तर त्याला खाली-वर जाळीची तोंडं तरी ठेवा.

फाकलेल्या फळ्या

फळ्या पोटातून फाकल्या असतील तर पाचरा मारण्याआधी त्या जवळ आणायला हव्यात. उलट क्रमाने केलं तर पाचराच फळ्यांना आणखी बाहेर ढकलतात. हार्डवेअरच्या दुकानात १० मिमीची आट्यांची सळई मिळते. जिन्याच्या मध्यावर, पायरीच्या लगेच खाली, दोन्ही फळ्यांतून आरपार भोक पाडून ती घाला. बाहेरून मोठा चौकोनी वायसर आणि नट. भिंतीकडची बाजू उघडी नसेल तर त्या बाजूला सळईऐवजी फळी लांब बोल्टने भिंतीत अडकवतात. नट एकदम आवळू नका. पाव फेरा, मग दुसऱ्या दिवशी पाव फेरा. वाकून बसलेली फळी अशी हळूहळू निमूट परत येते; एका तासात आणायला गेलात तर खाचेच्या कोपऱ्यातून चिरते. बारा-चौदा पायऱ्यांच्या जिन्याला बहुधा दोन सळया पुरतात.

पाचर

कुरकुर बंद होते ती इथे. जिन्याखाली आडवं पडून वर पाहिलंत तर पायरीच्या दोन्ही टोकांना, खाचेत, पायरीच्या खालून मारलेली लाकडी पाचर दिसेल. काही जिन्यांत पाचर नसते. तिथे पायरीखाली ठोकळा मारलेला असतो, किंवा पायरीचं टोक फळीच्या आरपार बाहेर काढून त्यात खुंटी घातलेली असते. खुंटीवाल्या जिन्याला खुंटी बदलली की बहुतेक काम होतं.

जुनी पाचर पटाशीने हळूच सैल करून काढा. खाचेत आणि पायरीच्या टोकाला तपकिरी, काचेसारखा ठिसूळ थर दिसेल. तो जुना सरस, म्हणजे पूर्वी लाकूड जोडायला वापरत तो डिंक. त्यावर फेव्हिकॉल धरत नाही. कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं दाबून धरा, सरस मऊ पडला की खरवडून काढा आणि दोन दिवस वाळू द्या. काम घाईत होतं ते याच टप्प्यावर.

नवी पाचर वाळलेल्या जुन्या सागाची, रेषा लांबीला धरून फाडलेली हवी. लांबी साधारण आठ इंच, रुंदी खाचेच्या खोलीइतकी म्हणजे बहुधा चार सूत, जाडी एका टोकाला पाच सूत आणि दुसऱ्या टोकाला दीड. जुनी पाचर अखंड निघाली असेल तर तिचाच उतार घ्या, नवा हिशेब मांडू नका. दोन्ही तोंडांना पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल लावा आणि मागून हलक्या हातोडीने, एकदा डावी एकदा उजवी अशी पुढे सारा. आवाज ऐकत राहा. सुरुवातीला तो मऊ येतो; पाचर दोन्हीकडे टेकली की आवाज एकाएकी चढा, कोरडा होतो. तिथे हात थांबवायचा. आणखी दोन घाव घातले तर पायरी वर उचलली जाते किंवा फळी चिरते. बाहेर राहिलेलं टोक दुसऱ्या दिवशी कापा. चोवीस तास त्या पायरीवर वजन नको.

उभी फळी असलेल्या जिन्याला पायरी आणि उभ्या फळीच्या आतल्या कोपऱ्यात दोन इंची त्रिकोणी ठोकळे, प्रत्येक पायरीला तीन, फेव्हिकॉल लावून घासत बसवा. वरून खिळे मारून आवाज बंद करण्याची पद्धत सर्रास दिसते. तो उपाय महिनाभर टिकतो. पायरी त्या खिळ्यावरच वरखाली सरकत राहते, भोक मोठं होतं आणि ओलीत लोखंडामुळे सागावर काळा डाग पडतो. स्क्रू लागणारच असेल तर तो पितळी किंवा स्टेनलेस, आठ नंबरचा दोन इंची. आधी ३ मिमीचं भोक, आट्यांना साबण.

झिजलेली पायरी

सगळ्या झिजलेल्या पायऱ्या बदलायच्या नसतात. मधोमध दीड सूतापर्यंतचा खळगा राहू द्या. तो रंध्याने सपाट केला तर उरलेली जाडी फुकट जाते. बघायची ती पुढची कड. ती गोल होऊन खाली उतरली असेल, तर ओल्या पायाने उतरणारा माणूस तिथूनच घसरतो. पायरीवर आडवी पट्टी पुढे-मागे धरून लेव्हल ठेवा, उतार लगेच कळतो.

कड दुरुस्त करायला पुढची दीड इंच पट्टी सरळ कापून काढा आणि तेवढीच नवी पट्टी लावा, रेषा जुन्या फळीच्या दिशेने. फेव्हिकॉल, क्लॅम्प आणि सहा-सहा इंचांवर पुढून आत मारलेल्या १० मिमीच्या बांबूच्या खुंट्या. पट्टी जुन्या पायरीपेक्षा अर्धा सूत उंच ठेवा आणि वाळल्यावर रंध्याने एकसारखी करा.

पायरीची उरलेली जाडी मध्ये इंचापेक्षा कमी भरली, किंवा ती पायाखाली लवते, तर दोन वाटा आहेत. पहिली, पायरी उलटी करणे. डावं टोक उजवीकडे नेत ती पालथी करा, म्हणजे पुढची कड पुढेच राहते आणि खालची न झिजलेली बाजू वर येते. टोकांची जाडी शाबूत असल्यामुळे ती खाचेत नीट बसते. खालच्या बाजूला उभ्या फळीची खाच असेल तर ती वर दिसेल. त्यात सागाची चीप भरावी लागते. मात्र ही वाट जाडी परत आणत नाही. पायरी लवत असेल तर खालून मध्ये आडवा दांडा द्या किंवा दुसऱ्या वाटेने जा, म्हणजे पायरी बदला.

तीन फूट लांब, दहा इंच रुंद, दीड इंच जाड अशा एका पायरीला तयार मापाने सुमारे ०.३१ घनफूट लाकूड लागतं. घट धरून ०.४ सांगा. नवं सागवान घेण्यापेक्षा पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड विकणाऱ्या वखारीत तुळई शोधा. ते पुरतं वाळलेलं असतं आणि रंगही जुळतो. कापायला देण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा निघाला तर करवतवाला कपाळाला हात लावतो. पावती घ्या. लाकूड चंदगड-गडहिंग्लजकडून, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून आणायचं असेल तर वनखात्याचा वाहतूक परवाना आधी विचारून घ्या.

तुटलेले कठड्याचे गोल गज कातारीकडून नमुना देऊन करून घेता येतात. बेळगावात कोणी घेत नसेल तर आंबोली घाट उतरून सावंतवाडी आहे, तिथे लाकूड कातणं हा पिढीजात धंदा आहे. नुसता दोर असलेल्या जिन्याला एका बाजूने ९०० मिमी उंचीचा कठडा द्या आणि घरात लहान मूल असेल तर गजांमधलं अंतर चार इंचांच्या आत ठेवा. जुना दोरही राहू द्या, म्हाताऱ्या माणसांचा हात सवयीने तिकडेच जातो.

रंग काढणे

जिन्यावर ऑइल पेंटचे चार-पाच थर असतील तर आधी हे लक्षात घ्या: घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, हे धरूनच चाला. ब्लोलॅम्पने जाळू नका, कोरडी मशीन फिरवू नका. पेंट रिमूव्हर लावून पत्र्याने खरवडा, उरलेलं पाणी मारत घासा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवा, भुसा पिशवीत बांधा. कॉस्टिक सोड्याने रंग झटक्यात निघतो, पण साग काळवंडतो आणि पुढचं पॉलिश धरत नाही.

नक्षीच्या कोपऱ्यांत सुतार काचेचा तुकडा वापरतात. पॉलिश पेपरपेक्षा तो खरोखर चांगला चालतो. सपाट भागाला ६०, मग ८०, मग १२० नंबरचा पेपर, नेहमी रेषेच्या दिशेने. पायऱ्यांना १२० वरच थांबा. जास्त गुळगुळीत पायरी म्हणजे मोडलेलं हाड.

शेवटचा हात

कठड्याला चपडा-स्पिरिटचं पॉलिश छान दिसतं. पायऱ्यांना ते नको, पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग. पायऱ्यांना दोनच गोष्टी लायक. एक, मॅट पीयू, म्हणजे चमक नसलेलं पॉलीयुरेथेनचं पॉलिश: पहिला हात पातळ करून, मग दोन हात, मध्ये २२० चा पेपर. दोन, उकळलेलं जवसाचं तेल. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, मग दिवसाआड नुसत्या तेलाचे तीन हात, दर वेळी वीस मिनिटांनी वरचं तेल पुसून काढायचं. तेल दरवर्षी द्यावं लागतं, पण पीयूसारखे त्याचे पापुद्रे निघत नाहीत आणि एकच पायरी खराब झाली तर तेवढीच दुरुस्त होते. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.

माडीवर राहणारी माणसं असतील तर विषम आकड्यांच्या पायऱ्या एका दिवशी आणि सम दुसऱ्या दिवशी करा. ओल्या पायऱ्यांवर खडूची फुली नको, वर्तमानपत्राचा कागद दोन कडांना चिकटवा, रात्री अंधारातही तो पायाला कळतो.

पहिला पावसाळा गेल्यावर दिवाळीच्या सफाईत सळयांचे नट तपासा. लाकूड आकसायला लागलेलं असतं. बोटाने फिरत असेल तर पाव फेरा आवळा, त्याहून जास्त नाही.